कारण

प्रति, वर्गशिक्षिका, इयत्ता चौथी ब.
इथवर पेन नीट चाललं.
मग ‘कारण’ या शब्दापाशी
दूध उतू गेलं,
आणि मी तेवढं निमित्त धरून उठले.

ताप लिहू? जुलैत लिहिला होता,
तेव्हा खराच आला होता.
लग्न? आमच्यात आता कुणी उजवायचं राहिलेलं नाही.
आजी म्हणावं तर
दोघींना एकेकदा मारून झालंय,
एकीला तर ती जाण्याच्या आधीच.

खरं कारण एवढंच, बाई :
अंबडच्या कंपनीत मशीन खोलतात
वर्षातून आठवडाभर, तेही संक्रांत झाल्यावर.
तेवढेच दिवस ह्यांच्या हाताला तेलाचा वास नसतो.
मे महिन्यात तुमची शाळा बंद
आणि ह्यांची तिसरी पाळी सुरू.
लेकीनं सुट्टीत बाप पाहिलाय तो झोपलेला,
तोंड भिंतीकडे, दाराला आतून चादर.
हे दोन ओळींत कसं बसवायचं
ते मला कुठल्याच शाळेत कुणी शिकवलं नाही.

‘ताप व अंगदुखी’, लिहिलं.
खोटं लिहिताना अक्षर छान येतं माझं.

सोमवारी ठक्कर बाजारातून साडेसहाची गाडी.
पाथर्डी फाट्याला गणवेशातली पोरं,
रिक्षातून दप्तरं बाहेर लोंबलेली.
संबोधी खिडकीखाली वाकली,
आपल्याच गावात, चोरासारखी.
कसारा घाटात विचारते,
“आई, मला ताप किती आहे?”
“एकशे एक,” हे म्हणाले, आणि मोठ्यानं हसले.
तिनं कपाळाला हात लावून पाहिला.

हर्णैला हे गुडघाभर पाण्यात उभे राहिले,
पँट दुमडलेली,
हातांचं काय करावं ते न कळून.
तिनं मग कामाला लावलं त्यांना :
पाणी येईल तिथं काटकी रोवायची,
घड्याळात बघून वेळ सांगायची.
ती तिकिटाच्या मागे लिहीत गेली.
“चंद्र ओढतो पाण्याला. बाईंनी सांगितलंय.”
“हो का?” हे म्हणाले. पाळीतल्या सुपरवायझरलाही
इतक्या आदरानं विचारत नसतील.

फोटो कुठंही टाकायचे नाहीत, ठरलेलं होतं.
मंगळवारी दहाच्या सुमारास ती एकदम गप्प झाली.
“आत्ता परिसरचा तास असेल.
माझी जागा रिकामी दिसत असेल ना,
की हुमेरा सरकून बसली असेल?”
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
शहाळं घेऊन दिलं.

परतताना इगतपुरीपासून
ती खोकायचा सराव करत होती.
आधी वाटलं, हुशार आहे.
घोटी येईपर्यंत वाटलं, हे मी शिकवलं.

शनिवारी वही घरी आली.
देवरे बाईंचं टोकदार अक्षर, लाल शाई :
‘चार दिवस गैरहजर. चाचणी बुडाली, परत घेणार नाही.
तापानं नाक सोलत नाही.
पुढच्या वेळी खरं लिहा.
नामंजूर करीन, पण लिहा.’
आणि खाली, पेन बदलून, निळ्यात :
‘मंगळवारची भरती सव्वाचारला, असं संबोधी म्हणते.
बुधवारी किती वाजता होती?’

ह्यांना विचारावं तर
मशीन जोडायला बोलावणं आलं, गेलेले.
तिनंच कंपासपेटी ओट्यावर उपडी केली.
वाळू. एक पीस. चुरगळलेलं तिकीट.
“पाच वाजून पाच. बाबांनी बघितलं होतं घड्याळात.”

वाळू मी लगेच पुसली नाही.
पेन शोधलं.
आता कारण कुणी विचारलं नव्हतं,
तरी आधी तेच लिहिलं,
अक्षर वेडंवाकडं,
मग खाली भरतीची वेळ.